पडद्याचा पाइप घेण्याआधी भिंत वाजवून बघा

लातुरात मी पडदे शिवते. आधी ब्लाऊज आणि फॉल-पिको करायचे. मग एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीसाठी तिच्या अख्ख्या घराचे पडदे शिवून दिले आणि तेव्हापासून मशीनवर पडदेच जास्त. शिवायचं मी, आणि ड्रिल मशीन घेऊन स्टुलावर चढायचं आमच्या धाकट्या भाऊजींनी, अशी वाटणी आहे. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक वेळा गंजगोलाईतून कापड घेऊनच. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, मनासारखं कापड कुठल्या ना कुठल्या रस्त्याला सापडतंच. मग पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणणार, "ताई, पाइप कुठलाबी टाका, पण गुरुवारपर्यंत लावून द्या."

कुठलाबी पाइप आम्हीही टाकत होतो, एका भाद्रपदापर्यंत. त्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडं होत्या. हॉलच्या खिडकीवर सहा फुटी पाइप होता. त्याच्यावर मागची आरास म्हणून मी दोन जरीच्या साड्या सोडल्या, वर झालर, त्यावर लाइटची माळ. रात्री साडेअकराच्या सुमाराला एका बाजूचं ब्रॅकेट भिंतीसकट सुटलं. भिंतीसकट म्हणजे ताटलीएवढा प्लास्टरचा पोपडा घेऊन. मुखवटे वाचले, समई तेवढ्यात विझवली होती म्हणून निभावलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण भाऊजी सकाळी सोळा भाज्या निवडायच्या गडबडीतच स्टूल घेऊन भोक बघायला चढले. भोकात एक इंची गिट्टी होती, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी ती प्लास्टिकची नळी. आमच्या घराच्या विटा वेड्यावाकड्या, त्यामुळं प्लास्टरच जवळजवळ इंचभर. म्हणजे गिट्टी सगळी प्लास्टरमध्ये, स्क्रू विटेला टेकलासुद्धा नव्हता. चार वर्षं तो पाइप नुसत्या प्लास्टरच्या भरवशावर उभा होता.

म्हणून आता कापड बाजूला ठेवते आणि पहिलं विचारते, घर कशाचं आहे?

भाजक्या विटेचं असेल तर सोपं. ड्रिलचं 8 मिलिमीटरचं बिट, 8 चीच गिट्टी, आणि स्क्रू असा की प्लास्टर सोडून आत विटेत निदान सव्वा इंच जाईल. म्हणजे एकूण दोन इंची स्क्रू धरा. ब्रॅकेटच्या पाकिटात जे बारके स्क्रू फुकट मिळतात ते शिलाई मशीनचं झाकण लावायला ठेवा. भोक पाडताना भुकटीचा रंग बघायचा: आधी राखाडी येते, ती प्लास्टरची, मग लाल येते, ती विटेची. लाल आलीच नाही आणि बिट भसकन आत गेलं तर दोन विटांमधल्या सांध्यात गेलात. अर्धा-पाऊण इंच वर किंवा खाली सरका.

नव्या अपार्टमेंटमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, मिस्त्री लोक त्याला सिपोरेक्स म्हणतात. त्याची भुकटी पांढरी, रांगोळीसारखी. तिथं मशीनचा हातोडा बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं. हातोडा चालू ठेवला की भोक मोठं होतं आणि गिट्टी आत गरगर फिरते. या ब्लॉकसाठी जाड नायलॉनची वेगळी लांब गिट्टी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात ब्लॉकसाठी पाहिजे म्हणून सांगितलं की देतात. साधी घेऊ नका.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. जुन्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद, वर माळवद. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात ते घर गेलं. नंतर जे घर झालं ते सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचं, आणि त्यात खिडक्या-दारांच्या डोक्यावरून घराला कंबरपट्ट्यासारखा लिंटलचा, म्हणजे सिमेंट-लोखंडाचा, पट्टा फिरवलेला आहे. पोकळ ब्लॉकमध्ये गिट्टी मारली की ती पोकळीत लोंबकळते, म्हणून तिथं आम्ही प्रत्येक पाइप त्या पट्ट्यातच मारला. भूकंपासाठी घातलेल्या पट्ट्यावर माझ्या आईचे पडदे लटकताहेत. ज्यांच्या घराला असा पट्टा आहे त्यांनी दुसरीकडं भोक पाडूच नये.

आणि ज्यांचं अजून जुनं दगड-मातीचं घर आहे, त्यांनी भिंतीच्या नादी लागू नये. मातीत गिट्टी धरत नाही, धरली तरी पावसाळ्यात सुटते. एवढ्या रुंद भिंतीत खिडकी आत खोल बसलेली असते, देवळीसारखी. त्या खोलगटात दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीवर पाइपाच्या वाट्या स्क्रूने बसवायच्या आणि पाइप त्यात अडकवायचा. पडदा देवळीच्या आतच राहतो, छान दिसतो, आणि खोलीत भिंतीला लावलेलं कपाटही त्याला घासत नाही.

साध्या विटेच्या घरातही खिडकीवर सिमेंट-लोखंडाचा लिंटल असतोच. साधारण सहा इंच उंचीचा, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा इंच भिंतीत गेलेला. आता इथं एक गंमत आहे. पडदा चौकटीच्या बाहेर आठ-आठ इंच गेला पाहिजे, नाहीतर कडेनं ऊन येतं. पण आठ इंचावर ब्रॅकेट मारलं तर ते लिंटलच्या बाहेर पडतं. म्हणून ब्रॅकेट पाच इंचावर मारायचं, लिंटलमध्ये, आणि पाइप त्याच्या पुढं तीन इंच जाऊ द्यायचा. लिंटलच्या उंचीच्या मधोमध भोक पाडा. सळया खालच्या आणि वरच्या कडेला असतात. तरी बिट अडलं, खर्रर आवाज आला आणि चमकती भुकटी दिसली तर सळई लागली. तिच्याशी भांडू नका, बिट जाईल. इंचभर सरकून नवीन भोक घ्या.

इतकं झालं की मग पाइप.

दुकानात दोन जाडीचे पाइप चालतात, पाऊण इंची आणि एक इंची. म्हणजे 19 आणि 25 मिलिमीटर. बघायला फरक दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या माझ्या मुलानं हिशेब करून दाखवला: पत्र्याची जाडी सारखीच असेल तर एक इंची पाइप पाऊण इंचीपेक्षा सव्वादोन पट ताठ. आणि फुटामागं पडद्याचं वजन तेवढंच ठेवून दोन ब्रॅकेटमधलं अंतर दुप्पट केलं तर पाइपाचा वाक दुप्पट नाही, सोळापट होतो. हे ऐकल्यापासून मी पाच फुटांच्या पुढं मधलं ब्रॅकेट घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही. "मधी कशाला ताई, वाईट दिसतंय की," म्हणतात. वाकलेला पाइप त्याच्याहून वाईट दिसतो.

मधल्या ब्रॅकेटची एक अडचण खरी आहे. गोल रिंगांचा, म्हणजे आयलेटचा पडदा त्या ब्रॅकेटवरून पलीकडं जात नाही. दोन पडदे असतील, एक डावीकडं आणि एक उजवीकडं, तर काही बिघडत नाही, दोघं आपापल्या हद्दीत राहतात. पण एकच पडदा पूर्ण एका बाजूला ओढायचा असेल, एका कडेला कपाट आहे म्हणून किंवा काय, तर पाइप घेऊच नका, ट्रॅक घ्या.

लोखंडी पावडर कोटिंगचा की स्टीलचा? घरात आपल्याकडची हवा कोरडी, कुठलाही टिकतो. फक्त कूलरशेजारची खिडकी आणि बाथरूमचं दार इथं स्टील घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, एक नंबर स्टील." चुंबक चांगल्या 304 प्रतीच्या स्टीलला चिकटत नाही तसं स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही. त्यामुळं त्या प्रयोगानं फक्त लोखंड ओळखू येतं, बाकी काही नाही. त्यापेक्षा पाइपाचं कापलेलं तोंड बघा. पत्रा नखाएवढा पातळ दिसला आणि अंगठ्यानं दाबल्यावर तोंड लंबगोल झालं तर परत ठेवा.

एकात एक सरकणारा, लांबी कमी-जास्त होणारा पाइप भाड्याच्या घरासाठी ठीक. त्याच्या मधोमध पायरी असते, रिंग तिथं दर वेळी अडते, आणि दर वेळी घरातलं कुणीतरी वैतागून हिसका देतं. चार फुटांच्या वर मी तो देत नाही. लाकडी पाइप दिसायला देखणा. वाळवीचा इतिहास असलेल्या घरात मात्र नको. बटणावर उघडणारे पडदे आता लातुरातही मिळतात. आमच्या गल्लीत लाइट किती वेळा जाते ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यावर माझं मत विचारू नका.

ट्रॅकबद्दल भाऊजींचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात, पाइप एकदा लावला की विसरलं, ट्रॅकच्या तक्रारी येतात. मी म्हणते, मोठ्या हॉलला, बाल्कनीच्या सरकत्या दाराला आणि कोपऱ्यात वळणाऱ्या खिडकीला ट्रॅकशिवाय पर्याय नाही. ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्या खाचेत प्लास्टिकचे रनर, रनरला हुक, आणि पडद्याच्या वरच्या कडेला शिवलेला चुण्यांचा पट्टा. ट्रॅक वाकत नाही, कारण त्याला दर दीड-दोन फुटांवर क्लिप असते आणि क्लिप रनरच्या वाटेत येत नाही. छतालगत लावला तर खोली उंच दिसते. तक्रारी येतात त्या दोनच. पहिली, रनर कमी टाकलेले. चार इंचाला एक रनर धरा. सहा फुटी ट्रॅकला अठरा, आणि दोन-तीन जास्तीचे खाचेत सोडून ठेवा, कारण उन्हानं प्लास्टिक कडक होऊन रनर तुटतात आणि नंतर एक रनर घालायला अख्खा ट्रॅक उतरवावा लागतो. दुसरी, धूळ. आपल्याकडं मार्चपासून जूनपर्यंत जी धूळ उडते ती सगळी त्या खाचेत बसते. पडदा अडायला लागला की लोक तेल सोडतात. तेलानं धुळीचा चिखल होतो. जुन्या टूथब्रशनं खाच झाडायची आणि मेणबत्तीचा तुकडा आतून घासायचा, पुन्हा सुरळीत पळतो.

पीओपीचं छत असेल तर ट्रॅक नुसत्या जिप्समच्या शीटमध्ये मारू देऊ नका. महिन्याभरात खाली येतो. छत करणाऱ्याला आधीच सांगा की खिडकीच्या बाजूला पडद्यासाठी सहा इंचाची खाच सोड आणि तिच्या वर प्लायची पट्टी घाल. दोन थरांचे पडदे हवे असतील, आत जाळीचा आणि बाहेर जाड, तर खाच आठ इंच. हे छत रंगवल्यावर आठवतं. आठवतं तेव्हा मला फोन येतो, आणि मग माझ्या हातात काही उरत नाही.

आता खिडकी उघडते कशी ते बघा. सरकत्या काचेला काही अडचण नाही. पण आत उघडणारी लाकडी दारं असतील तर पाइप त्यांच्या डोक्याच्या वर आणि भिंतीपासून निदान चार इंच पुढं हवा, नाहीतर दार पडद्याला घेऊन उघडतं. आणि कूलर! उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढं जातो, तेव्हा निम्म्या लातुरात एक खिडकी कूलरला दिलेली असते. पडदे दिवाळीत लावतात, तेव्हा कूलर माळ्यावर असतो आणि कुणालाच आठवत नाही. कूलरचं तोंड खोलीत किती पुढं येतं ते आधी मोजा. त्या खिडकीला मी पाइप चौकटीच्या बराच बाहेरपर्यंत नेते, म्हणजे चार महिने पडदा पूर्ण बाजूला बांधून ठेवता येतो, ओल्या हवेत भिजत नाही. कूलरची हवा ज्या खिडकीतून बाहेर जायची तिला जाड पडदा लावू नका. हवा कोंडली की कूलर नुसता दमटपणा करतो. जाड, अस्तराचा पडदा पश्चिमेच्या खिडकीला. तिथंच एक इंची पाइप, तिथंच मधलं ब्रॅकेट, सगळा खर्च तिथं करा.

माप घेण्याचं एक उदाहरण देते. खिडकी चार फूट रुंद. दोन्हीकडं आठ-आठ इंच, म्हणजे पाइप 64 इंच, टोकाचे नॉब वेगळे. पडद्याला चुणी दिसायची तर कापड पाइपाच्या दुप्पट लागतं: 128 इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 48 इंचांचा असेल तर पावणेतीनच्या आसपास पन्हे होतात, मी तीन घेते आणि दीड-दीडचे दोन पडदे करते. दोन पन्ह्यांत भागवा म्हणणाऱ्यांचा पडदा ओढल्यावर वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. रिंगा नेहमी सम संख्येत, आठ, दहा, बारा. तरच पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडं वळतात. उंची मात्र पाइप लागल्याशिवाय मोजायची नाही, कितीही घाई असली तरी. पाइप लागला की त्याच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत टेप सोडायचा, रिंगेच्या वर दीड इंच कापड राहतं ते मिळवायचं, वरच्या कडेला घालायचं कडक बकरम आणि खालची दुमड यांसाठी दहा इंच वेगळे. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत येतात, तेव्हा तयार घेणार असाल तर उलटं करा: पडदा आधी ठरवा आणि पाइपाची उंची त्याच्यावरून. जमिनीपासून इंचभर वर ठेवा. शहाबादी फरशीवर रोज ओलं फडकं फिरतं, शिवाय आमच्याकडं शेताच्या बाजूच्या घरांत विंचू निघतात. लोळणारा पडदा त्यांना फार आवडतो.

दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत येण्यासाठी चौकटीवरून मापू नका, जुनी चौकट स्वतःच तिरकी असते. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन खुणांना धरायची, गवंडी धरतो तशी. फक्त पाइप छताच्या अगदी जवळ असेल आणि छत तिरकं असेल तर छताच्या समांतर लावा. पाण्याप्रमाणे बरोबर असलेला पाइप तिथं डोळ्याला तिरका दिसतो, आणि येणारा पाहुणा नळी घेऊन येत नाही.

भोक पाडण्याआधी खाली स्विचबोर्ड कुठं आहे ते बघा. बोर्डाच्या सरळ रेषेत वर तार असते, तिथं बिट घालायचं नाही. मेन स्विच बंद करून ड्रिल मशीन चालत नाही, म्हणून लोक अंदाजानं मारतात; त्यापेक्षा ब्रॅकेट चार इंच सरकवा. भोकाच्या खाली टेपनं कागदाचं पाकीट चिकटवा, भुकटी त्यात पडते, नाहीतर सोफ्यावर. बिटावर दोन इंचावर रंगीत टेप गुंडाळला की खोली कळते.

पडदा चढवताना शेवटची एक रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, ब्रॅकेट आणि नॉब यांच्यामध्ये घाला. बाकी सगळ्या आत. मग पडदा कितीही ओढला तरी त्याची बाहेरची कड जागची हलत नाही आणि कडेनं उन्हाची फट पडत नाही. ब्रॅकेटच्या पुढं जो तीन इंच पाइप सोडायला सांगितला होता, तो यासाठीही.

धुणं हा आमच्याकडं वेगळा प्रश्न आहे. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी कुणी पडदे धुतल्याचं मला आठवत नाही, शिवलेसुद्धा कमीच. तेव्हापासून मी बायकांना जाड कापड एका खिडकीपुरतंच घ्यायला सांगते. ते बादलीभर पाण्यात निघत नाही. ट्रॅकचा पडदा काढताना हुक सगळे काढून डब्यात ठेवा, बोअरच्या पाण्यात ते गंजतात आणि कापडावर तपकिरी ठिपका कायमचा बसतो. पाइपाचा पडदा काढायचा तर एका बाजूचा नॉब सैल करून पाइपच उचलायचा.

आणि पाइप उचलला की त्याच्या तोंडाच्या आत मार्करनं खोलीचं नाव लिहा. आमच्या मागच्या रंगकामात सहा पाइप अंगणात एकत्र उभे केले होते. दोन सुतांच्या फरकानं कुठलाच पाइप कुठल्याच ब्रॅकेटला बसेना, आणि भाऊजी अर्धा दिवस प्रत्येक पाइप प्रत्येक खिडकीला लावून बघत होते.